आकडा राहू दे, जिना चढताना कसं वाटतंय ते सांगा

मागच्या अंकात बीपी आणि व्यायाम यावर प्रश्न पाठवा म्हणलं होतं, तुम्ही तर पोतंभर पाठवलेत. बहुतेक सगळे बायकांचेच, आणि जवळपास सगळ्यांची सुरुवात आकड्यानं. माझं एकशेपन्नास आहे, आईचं एकशेसाठ आहे, असं. झोप लागते का, दम लागतो का, उगाच चिडचिड होते का, हे मात्र फार कमी जणींनी लिहिलंय. मी आज दोन्हीबद्दल बोलणार. नावं छापत नाही, पेठ आणि गाव तेवढं ठेवलंय. आणि आधीच सांगते, मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोळी कुठली आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यात मी पडत नाही.

ताई, माझं वय ५२. बीपी १५०/९६ निघालं, गोळी चालू केलीय. डॉक्टर म्हणतात रोज व्यायाम करा. आता मला सांगा, मी पहाटे पाचला उठतो, झाडलोट, पाणी, दोन डबे, धुणं, भांडी, दुपारी शिवणकाम, परत रात्रीचा स्वयंपाक. बूड टेकायला टाईम नाही आणि वर व्यायाम कुठनं करू? हे सगळं व्यायामात धरत नाहीत काय? – शिवाजी पेठ

धरतात की. पण सगळं नाही. फरशी दाबून पुसणं, पाण्याच्या घागरी जिन्यानं वर नेणं, अंगण झाडणं यात श्वास वाढतो, ते धरायचं. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, शिवणकाम, ओट्यापाशी तासभर उभं राहणं यात पाय भरून येतात, कंबर धरते, पण हृदयाला काही काम पडत नाही. म्हणून रात्री अंग मोडून आलेलं असतं आणि तरी व्यायाम शून्य, असं होतं. तुमची चूक नाही यात.

ओळखायचं कसं तर सोपं आहे, काम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणायला गेलं तर दम पुरत नाही, म्हणजे बरोबर जोर लागतोय. गाणं आरामात म्हणता आलं तर ते कमी पडतंय, आणि बोलताच येईना तर जास्त होतंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला अशी निदान १५० मिनिटं हवीत. पूर्वी म्हणायचे की एका दमात दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत तरच मोजायची, २०२० मध्ये ती अट त्यांनी काढून टाकली, त्यामुळं तुमच्यासारख्यांचं बरं झालंय, पाच मिनिटं इथं आणि सात मिनिटं तिथं हे पण आता हिशोबात येतं.

आता यानं होतं काय. भरभर चाललं की मांड्या-पोटऱ्यांना जास्त रक्त लागतं, त्या रक्ताच्या जोरानं रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा पदार्थ सोडतं आणि त्या सैल होतात. चालणं थांबवलं तरी त्या लगेच पुन्हा आवळत नाहीत, काही तास बीपी खालीच राहतं, कुणाकुणाचं तर जवळजवळ दिवसभर. रोज केलं तर रोज हा फायदा, आणि वर काही आठवड्यांनी शरीराचा सदा ताणात राहायचा स्वभावच थोडा कमी होतो. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं आहे त्यांचा वरचा आकडा नेमानं चालण्यानं साधारण ५ ते ८ नी उतरतो. ऐकायला कमी वाटतं, पण एखादी साधी गोळी साधारण तेवढंच काम करते. मात्र दोन-तीन महिने द्यावे लागतात, पंधरा दिवसांत मशीन लावून नाराज होऊ नका.

आणि मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. बीपी दुखत नाही. त्यामुळं गोळी घेतली तरी बरं वाटलं असं काही कळत नाही, उलट कधी पाय सुजतात, कधी चक्कर वाटते, मग बाईला वाटतं मी चांगली होते आणि या गोळीनं आजारी पाडलं. या सगळ्या उपचारात व्यायाम हीच एक गोष्ट अशी आहे की जिचा फरक अंगाला कळतो. झोप लागते, जिना चढताना मधे थांबावं लागत नाही, दुपारनंतर जे डोकं फिरतं ते कमी फिरतं. माझ्याकडं येणाऱ्या बायका आकडा उतरला म्हणून टिकत नाहीत, त्या टिकतात कारण त्यांना बरं वाटायला लागतं.

वेळेचं म्हणाल तर घरकामातनं वेळ उरत नसतो, तो काढून घ्यावा लागतो, आणि घरच्यांना सांगून काढावा लागतो. तुमच्या पेठेतनं रंकाळा काही लांब नाही. डबे भरून झाले की सकाळीच निघा, सुरुवातीला दहा मिनिटं जायला दहा यायला बास. पूर्ण चक्कर मारायचा हट्ट नको. पायात बूट घाला, त्या कोल्हापुरी चपला लग्नाला ठेवा. शिवणकाम करता ना, तर दर अर्ध्या तासानं मशीनवरनं उठून घरातल्या घरात दोन मिनिटं चाला. आणि संध्याकाळी मैत्रिणीबरोबर जाणार असाल तर चौपाटीच्या भेळेच्या गाडीपाशी फेरी संपवू नका एवढंच.

आमच्या आईंना (सासूबाई, वय ६७) चार महिन्यांपूर्वी बीपी निघालं. तेव्हापासून त्यांनी सगळं सोडलंय. भजनी मंडळ बंद, जिना चढत नाहीत, दर शुक्रवारी अंबाबाईला जायच्या ते बंद. घरात मशीन आणलंय, दिवसातनं दहा वेळा लावतात, १४५ आलं की झोपून राहतात. डॉक्टर म्हणतात बीपी कंट्रोलमध्ये आहे. आम्ही चाला म्हणलं की म्हणतात, वाटेत काय झालं तर? कसं समजवायचं? – कसबा बावडा

पहिलं काम म्हणजे ते मशीन कपाटात ठेवा. फेकायचं नाही, फक्त नजरेआड करायचं.

बीपी दिवसभर वरखाली होतच असतं, शिंक आली, फोन वाजला, टीव्हीवर सिरियलमधल्या सुनेनं काही बोललं तरी वाढतं. दहा वेळा मोजलं तर त्यात एक-दोनदा १४५ येणारच, मग भीतीनं पुढचं १५५ येणार. मोजायचंच तर डॉक्टरांकडं जायच्या आधीचा एक आठवडा मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा. मोजायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर सरळ, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि त्यावेळी कुणी बोलायचं नाही. अर्धा तास आधी चहा नको. पट्टा दंडाला नीट बसणारा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वाढून येतो, आणि आपल्याकडं बऱ्याच घरात हाच घोळ असतो. हे सगळे आकडे वहीत लिहून त्यांची सरासरी बघायची, घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर बहुतेकांसाठी ठीक असतं. एकट्या दुकट्या आकड्याला काही अर्थ नाही.

आता भीतीचं. तुम्ही लिहिलंय ते फक्त तुमच्या आईंचं नाही. १९७८ साली कॅनडातल्या स्टील कारखान्यातल्या कामगारांवरचा एक अभ्यास छापून आला होता. ज्या कामगारांना तुम्हाला बीपी आहे असं कळलं त्यांच्या आजारपणाच्या सुट्ट्या वाढल्या, आणि त्या वाढण्याचा संबंध उपचार चालू झाले की नाही, बीपी उतरलं की नाही, याच्याशी नव्हता, नुसतं कळल्यानंच माणसं स्वतःला आजारी समजायला लागली. आधीच्या दिवशी पण बीपी तेवढंच होतं हो, पण त्या दिवशी ती कामावर जात होती. आईंचं पण तसंच झालंय. निदान व्हायच्या आधी त्या ज्या बीपीसकट जिना चढत होत्या, त्यापेक्षा आज त्यांचं बीपी कमी आहे!

डॉक्टर लोक अभ्यास करताना माणसाचं जगणं कसं चाललंय ते मोजायला प्रश्नावली वापरतात, त्यातली एक ३६ प्रश्नांची फार चालते. त्यात बीपीचा आकडा कुठंच नाही. एक जिना चढता येतो का, बाजाराची पिशवी उचलता येते का, वाकता येतं का, गेल्या महिन्यात अंगात उत्साह वाटला का, मन खट्टू होतं का, तब्येतीमुळं नातेवाईक-मैत्रिणींकडं जाणं कमी झालं का, असले प्रश्न असतात. तुम्ही पण तसंच करा. वहीत एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला आज काय काय केलं ते लिहा, आईंनाच लिहायला सांगा. मशीनऐवजी त्यांचं लक्ष तिकडं गेलं पाहिजे.

चाला म्हणून मागं लागू नका. सासूला सुनेनं चालायला सांगितलं की काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा शुक्रवारी सोबत जा देवळात, रिक्षा थोडी अलीकडं सोडा. भजनाला परत पाठवा, गाताना लांब श्वास सोडावा लागतो, त्यानं जीव शांत होतो, आणि चार बायका भेटतात ते वेगळंच. घरी एक करता येईल, खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, सुरुवातीला पाच वेळा, जमायला लागलं की दहा. त्यानं मांड्यांत ताकद आली की जिन्याची भीती आपोआप कमी होते. उठल्यावर क्षणभर थांबायचं, बीपीच्या गोळ्यांवर एकदम उठून चालायला लागलं तर चक्कर येऊ शकते. सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांच्या तोंडून "तुम्ही चालू शकता" हे त्यांना ऐकवा, तुमच्या तोंडून नको.

आणि "काय झालं तर" याचं खरं उत्तर पण घरात सगळ्यांना माहीत असू दे. छातीत दुखणं-दाबल्यासारखं होणं, बसल्या जागी धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं, असं काही झालं तर घरी मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल. बायकांना हार्ट अटॅकमध्ये कधीकधी छातीपेक्षा पाठ, जबडा दुखतो, मळमळतं, घाम सुटतो, तेव्हा ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही. आणि काहीही त्रास नसताना १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजायचं, परत तेवढंच आलं तर लगेच डॉक्टरांना फोन. १४५ या यादीत कुठं बसत नाही हे त्यांना दाखवा.

मी ४४ वर्षांची, बँकेत आहे, दिवसभर खुर्ची. बीपी १३८/८८, गोळी अजून नाही. जिम लावलीय, ट्रेनर वजनं उचलायला लावतो. घरचे म्हणतात बीपीवाल्यांनी वजन उचलायचं नसतं, नस फुटंल. सोडू का? – राजारामपुरी

सोडू नका. घरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, वजन उचलताना त्या क्षणी बीपी चढतं, आणि दात-ओठ खाऊन श्वास कोंडून उचललं तर खूपच चढतं. म्हणून नियम एकच की जोर लावताना श्वास सोडायचा, आणि तोंडानं मोठ्यानं मोजलं की श्वास आपोआप कोंडत नाही. वजन एवढंच घ्या की सलग १२ ते १५ वेळा नीट उचलता येईल. आठवड्यातनं दोन दिवस बास, बाकीचे दिवस चाला. तुमच्या वयाला तर हे हवंच आहे, पाळी जाण्याच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं, रक्तवाहिन्या कडक व्हायला लागतात, बायकांचं बीपी त्या वयातच पुरुषांना गाठतं, आणि हाडं-स्नायू पण तेव्हाच उतरणीला लागतात. वजनाचा व्यायाम या दोन्हीला उपयोगी.

अजून एक, फुकटातला. भिंतीला पाठ टेकून, पाय पुढं घेऊन, खुर्चीत बसल्यासारखं अधांतरी बसायचं, हलायचं नाही. २०२३ मध्ये वेगवेगळ्या व्यायामांच्या २७० चाचण्यांचा एकत्र हिशोब एका ब्रिटिश जर्नलमध्ये आला, त्यात असल्या न हलता धरून ठेवायच्या व्यायामांनी वरचा आकडा सरासरी ८ च्या आसपास उतरला होता, चालण्या-पळण्यानं साडेचारच्या आसपास (वर मी ५ ते ८ म्हणलं ते बीपी वाढलेल्यांचं, या हिशोबात बीपी नसलेली माणसं पण होती). पद्धत म्हणजे दोन मिनिटं धरायचं, मधे एक ते चार मिनिटं विश्रांती, असं चारदा, आठवड्यातनं तीन दिवस. पहिल्या दिवशी दोन मिनिटं कुणालाच जमत नाहीत, मांड्या थरथरतात, वीस सेकंदापासून सुरू करा आणि फार खाली बसू नका. इथंही श्वास चालूच ठेवायचा. ज्यांचं बीपी १८०/११० च्या घरात आहे किंवा गुडघे बोलतात त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि म्हणून चालणं बंद करू नका हं, भिंतीला टेकून बसल्यानं दम वाढत नाही आणि बाहेरची हवाही लागत नाही.

गोळी सुरू झाल्यापासून घोट्याला सूज येते. चालल्यामुळं तर नाही ना? – गडहिंग्लज

चालल्यामुळं नाही. तुमच्या चिठ्ठीत अम्लोडिपिन लिहिलंय, त्यानं अशी सूज येऊ शकते आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त येते. चाललं की पोटऱ्या रक्त वर ढकलतात म्हणून थोडं बरं वाटेल, पण डॉक्टरांना दाखवा, डोस किंवा गोळी बदलता येते. सूज एकाच पायाला असेल आणि दुखत असेल, किंवा सोबत धाप लागत असेल तर थांबू नका. तसंच रॅमिप्रिल, एनालाप्रिल घेणाऱ्या काही बायकांना कोरडा खोकला लागतो आणि त्या महिनोन्महिने काढे पीत बसतात, त्यांनी पण सांगा डॉक्टरांना. मनानं गोळी बंद करायची नाही.

एकीनं विचारलंय की चालताना स्मार्टवॉचमध्ये ठोके ११० च्या वर जातच नाहीत, व्यायाम होतोय की नाही? तुम्ही मेटोप्रोलॉल घेताय, ती गोळी ठोके फार वाढू देत नाही. घड्याळाचं सोडा, वर सांगितलेली बोलायची-गायची परीक्षा वापरा.

गुडघे दुखतात म्हणून रोज एक पेनकिलर घेऊन फिरायला जाते. चालतं ना? – फुलेवाडी

नाही चालत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी वाढतं, वर बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. म्हणजे बीपी उतरवायला चालायचं आणि चालता यावं म्हणून बीपी वाढवायचं! कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा. तोवर खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. घरात व्यायामाची सायकल असेल तर ती गुडघ्याला सोपी जाते. चढ-उतार टाळून सपाट जागी थोडं थोडं चाला. मांडीचा स्नायू तयार झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आमच्या ग्रुपमध्ये सकाळी कपालभाती, भस्त्रिका, शेवटी सर्वांगासन घेतात. माझं बीपी १६० च्या आसपास असतं. करू का? – नागाळा पार्क

१६० असताना ही तिन्ही नकोत. जोरात झटके देऊन श्वास सोडणं आणि डोकं खाली पाय वर, दोन्हीनं बीपी त्यावेळी चढू शकतं. श्वास कोंडून धरायचा कुंभक पण नको. ग्रुपमध्ये सगळ्या करतायत म्हणून लाज वाटते हे मला कळतंय, तरी त्या वेळात तुम्ही अनुलोम-विलोम करा श्वास न रोखता, भ्रामरी करा, शेवटी शवासन. घेणाऱ्या मॅडमना आधीच सांगून ठेवा. बीपी ताब्यात आलं की डॉक्टरांना विचारून बाकीचं बघता येईल. आणि प्राणायाम करते म्हणजे चालायची गरज नाही असं नाही, १५० मिनिटांत प्राणायाम मोजत नाहीत.

व्यायाम करते म्हणजे खाण्याचं फार बघायला नको ना? घाम येतो म्हणजे मीठ जातंच की बाहेर. – शाहूपुरी

हा प्रश्न कोल्हापुरातनंच येऊ शकतो. नाही हो, अर्ध्या तासाच्या चालण्यात तेवढं काही जात नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, चहाचा. आपल्याकडं गोची कुठं होते तर वर्षाच्या चटणीत. कांदा-लसूण चटणी टिकावी म्हणून त्यात कुटतानाच मीठ घातलेलं असतं, मग कालवणात ती दोन चमचे पडते आणि वरनं परत मीठ. यंदा चटणी कराल तेव्हा मीठ कमी घाला आणि छोट्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. भडंग, फरसाण, पापड, लोणचं, खारी यातलं मीठ तर दिसतच नाही. तांबडा-पांढरा बंद करा असं मी म्हणणार नाही, मला पण इथंच राहायचंय, पण वाटीवर वाटी ओरपायची सवय तेवढी सोडा. सैंधव मीठ पण मीठच आहे. आणि बाजारात कमी सोडियमचं म्हणून मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

याच विषयाला धरून, कागलच्या एका मावशींनी लिहिलंय की सकाळी मिशरी लावल्याशिवाय फिरायला जायला होत नाही. मावशी, मिशरी म्हणजे तंबाखूच. ती लावली की ठोके आणि बीपी दोन्ही वाढतात आणि तुम्ही त्यातच चालायला निघता. एकदम सुटत नाही हे माहीत आहे. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायला मदत करतात, तिथं विचारा, लाजू नका.

दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, बाळ लवकर झालं. नंतर सगळं नॉर्मल. आता मुलगी दोन वर्षांची, माझं वय ३४. सगळे म्हणतात विसरून जा. – इचलकरंजी

त्रास विसरा, पण डॉक्टरांना सांगायला विसरू नका. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढतं त्यांना पुढं बीपी आणि हृदयाचा त्रास व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि आपल्याकडं बाळंतपण झालं की ती फाईल माळ्यावर जाते. वर्षातनं एकदा तरी बीपी मोजा. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणार असाल तर हा इतिहास आधी सांगा, काही गोळ्यांनी बीपी वाढतं. पुढची खेप मनात असेल तर दिवस जायच्या आधीच डॉक्टरांना भेटा, कारण बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात अजिबात चालत नाहीत. व्यायामाला तुमच्याकडं आत्ता खरं तर चांगलं निमित्त आहे, दोन वर्षांच्या पोरीच्या मागं पळून बघा, बोलायला दम उरत नाही. तिला घेऊन संध्याकाळी बागेत जा आणि बाकावर बसून मोबाईल बघू नका. आणि हे तुमच्या कुठल्या चुकीनं झालं नव्हतं, कुणी काही म्हणालं असेल तर सोडून द्या.

पावसाळ्यात काय करायचं? जूनला चालणं बंद पडतं ते दसऱ्यालाच चालू होतं. – उत्तरेश्वर पेठ

तुमच्याकडं तर पंचगंगा पात्राबाहेर आली की विचारायलाच नको. घरातच जागच्या जागी पाय उचलून चाला, गुडघे कंबरेपर्यंत आले पाहिजेत, दोन गाण्यांपुरतं, मग एक मिनिट थांबा, परत दोन गाणी. जिना असेल तर खालच्या एकाच पायरीवर चढ-उतर, कठडा धरून. आणि नागपंचमीपासून गौरीपर्यंत झिम्मा-फेर आहेच की! तासभर झिम्मा खेळलेली बाई कुठल्याही झुम्बा क्लासला हार जाणार नाही. गल्लीतल्या बायकांनी मिळून एखाद्या घरच्या हॉलमध्ये आठवड्यातनं तीन दिवस सराव ठेवला तर व्यायाम पण होईल आणि गौरीला बक्षीस पण मिळेल. फुगडीचं मात्र जपून, गरगर फिरून चक्कर येते, गोळ्यांवर असणाऱ्यांनी सावकाश दोन-चार फेरे घ्यावेत आणि एकदम थांबू नये. झाल्यावर पण लगेच बसायचं नाही, पाच मिनिटं हळूहळू चालायचं. व्यायाम एकदम तोडला तर रक्त पायात राहतं आणि डोळ्यापुढं अंधारी येते.

सहा महिने चालतेय. बीपी १२४/८० आलं. मिस्टर म्हणतात आता गोळी बंद कर, कशाला खर्च. – मंगळवार पेठ

मिस्टरांना सांगा की १२४ हे गोळी आणि चालणं दोघांनी मिळून आणलंय. गोळी आज सोडली तर पुढच्या काही दिवसांत आकडा परत वर जाऊ शकतो, काही गोळ्या अचानक सोडल्या तर उसळी मारून जातो, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. कमी होऊ शकते का, तर हो, काहींची होते. आठवड्याभराचे आकडे वहीत लिहा, वजन किती कमी झालं, किती चालता, मधे कधी चक्कर आली का, हे सगळं घेऊन डॉक्टरांकडं जा आणि सरळ विचारा की डोस कमी करता येईल का. खर्चाचंच असेल तर तेही बोला, त्याच औषधाच्या जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात. आणि मिस्टरांचं स्वतःचं बीपी कधी मोजलंय का ते पण त्यांना विचारा, रविवारी त्यांना पण घेऊन जा रंकाळ्याला.

पुढच्या अंकात पाठदुखी. प्रश्न पाठवताना वय, काम आणि चालू असलेल्या गोळ्या लिहा, रिपोर्टचे फोटो पाठवू नका, ते छापताही येत नाहीत आणि वाचताही येत नाहीत.